फोटो २०० बाय २३० केला तरी ५० केबीच्या खाली येत नाही? आधी हे बघा

दर भरतीच्या सीझनला आमच्या दुकानात दिवसातून वीसदा एकच वाक्य ऐकू येतं, "भाऊ, फोटू चढी नई ऱ्हायना." म्हणजे फॉर्मात फोटो अपलोड होत नाहीये. अमळनेरला एसटी स्टँडच्या बाजूला छोटंसं दुकान आहे आपलं, पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, लग्नसराईत फ्लेक्सची डिझाईन, जे येईल ते. पोरं पारोळ्याकडून येतात, चोपड्याकडून येतात, कुणी मोबाईलवर आधी स्वतः खटपट करून बघितलेली असते, कुणी दुसरीकडे पैसे देऊन फोटो "छोटा" करून आणलेला असतो आणि तरी पोर्टल लाल अक्षरात तेच सांगतं की फाईल मोठी आहे. मग पोरगं म्हणतं साईट खराब, मी म्हणायचो नेट स्लो, आणि दोघंही चूक. खरं कारण कळायला मला दोन सीझन गेले, सांगायला लाज वाटते पण गेले, म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतो.

आधी आमचा किस्सा सांगतो कारण तो जरा वेगळा आहे, नेहमीचं नंतर.

बँक भरतीचा फॉर्म, आयबीपीएसचा (बँकांच्या भरतीची परीक्षा घेणारी संस्था). त्यात फोटो २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी, सही १४० बाय ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी, हे आता आम्हाला पाढ्यासारखं पाठ आहे (तरी दरवेळी जाहिरात उघडून बघायचीच, दुसऱ्या भरतीचा आकडा दुसराच असतो). मे महिना, बाहेर ४५ अंश, लाईट गेलेली, इन्व्हर्टरवर एक कंप्युटर आणि एक पंखा, आणि फॉर्मची शेवटची तारीख. एरंडोलकडच्या खेड्यातली एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. फोटो आम्हीच काढला, पाठचा पडदा पांढरा केला, २०० बाय २३० केला, सेव्ह केला, फाईल २८० केबी. म्हटलं क्वालिटी जास्त राहिली असेल. फोटोशॉपात सेव्ह करताना ती शून्य ते १२ असते, १२ वरून ८ केली, तरी २६० च्या आसपास. मग ४ केली, मग शून्य केली. चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले, डोळे कुठं नि नाक कुठं कळेना, आणि फाईल अजून अडीचशे केबीच्या वरच. पिक्सेल कमी करून १०० बाय ११५ केला तरी आकडा हलेना. वडील मागून विचारताहेत, "जिभाऊ, व्हयनं का?" आणि माझ्या कपाळावर घाम, तो काय फक्त उन्हाचा नव्हता.

त्या दिवशी जुगाड केला. फोटो स्क्रीनवर उघडला, सिलेक्ट ऑल, कॉपी, पेंटमध्ये नवीन पानावर पेस्ट, जेपीजी म्हणून सेव्ह. पन्नासच्या आत आली फाईल, फॉर्म गेला. पण माझ्या डोक्यात ते राहिलं ना, की तोच फोटो, तेवढेच पिक्सेल, फोटोशॉपातून अडीचशे आणि पेंटमधून पन्नासच्या आत, हे कसं काय.

रात्री जेवून बसलो आणि साधा हिशोब मांडला, तोच आधी मांडायला पाहिजे होता. २०० गुणिले २३० म्हणजे ४६,००० पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट. झाले १,३८,००० बाइट, म्हणजे अंदाजे १३५ केबी. आणि हा आकडा अजिबात न दाबलेल्या फोटोचा, जेपीजी तर दाबून दाबून त्याचा पाचवा-दहावा हिस्सा करतं. म्हणजे २०० बाय २३० चा फोटो कितीही चांगल्या क्वालिटीत ठेवला तरी १३५ च्या वर जायला त्याच्यात माल कुठाय? मग माझी फाईल २८० कशी? फोटोच्या पोटात फोटो सोडून दुसरंच काहीतरी भरलेलं होतं.

बघायची सोपी युक्ती सांगतो, कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही. ती जेपीजी फाईल नोटपॅडमध्ये उघडा. सगळा कचरा अक्षरं दिसतील, घाबरू नका, सेव्ह मात्र करू नका. सुरुवातीलाच वाचता येईल असा मजकूर असतो थोडा, कॅमेऱ्याचं नाव, फोटोशॉपचं नाव, तारीख, तेवढा चालतो. माझ्या फाईलीत काय होतं तर पानंच्या पानं एकाखाली एक तसल्याच ओळी, प्रत्येक ओळीत लांबलचक आकडे-अक्षरांचा आयडी, स्क्रोल करतोय करतोय संपेना. वर त्या यादीचं नाव लिहिलेलं, डॉक्युमेंट अ‍ॅन्सेस्टर्स. म्हणजे पूर्वज! फाईलीची वंशावळ!

झालं असं होतं. आमच्याकडे पासपोर्ट फोटोची एक पीएसडी (फोटोशॉपची स्वतःची फाईल) टेम्प्लेट होती, चार बाय सहाच्या कागदावर आठ फोटो बसतात ती. फोटोशॉप सीएस६ मध्ये बनवलेली. प्रत्येक गिऱ्हाइकाचा फोटो त्यात ओढायचा, पडदा तिथंच पांढरा करायचा, प्रिंट द्यायची, आणि फॉर्मला पाहिजे असेल तर त्याच फाईलीतून एक फोटो क्रॉप करून जेपीजी काढायची. आता फोटोशॉपची खोड अशी की दुसऱ्या फाईलीतून लेयर, म्हणजे फोटोचा थर, ओढला की त्या फाईलीचा आयडी या फाईलीच्या मेटाडेटात (फोटोबरोबर जाणारी लपलेली माहिती) लिहून ठेवतो, आणि लेयर डिलीट केला तरी ती नोंद पुसत नाही. आम्ही वर्षानुवर्षं तीच टेम्प्लेट सेव्ह करत आलो. म्हणजे गावातल्या हजारो लोकांच्या फोटोंची नोंद त्या एका फाईलीच्या पोटात साठत गेली, आणि तिथून निघालेल्या प्रत्येक चिमुकल्या फोटोबरोबर ती अख्खी नोंद जाऊन राहिली होती. क्वालिटी कमी करा, पिक्सेल कमी करा, त्याने फोटो लहान होतो, वंशावळ लहान होत नाही. रेशनच्या पिशवीत पाच किलोचा दगड असेल तर गहू कितीही काढा, वजन उतरणार कुठून.

उपाय एकदम सरळ. फोटोशॉपमध्ये फॉर्मसाठीचा फोटो सेव्ह अ‍ॅज करून काढायचाच नाही. सेव्ह फॉर वेब वापरायचं, जुन्या व्हर्जनला फाईल मेन्यूतच आहे, नव्यात एक्स्पोर्टच्या आत सेव्ह फॉर वेब लेगसी म्हणून ठेवलंय, शॉर्टकट अल्ट शिफ्ट कंट्रोल एस, पाची बोटं कामाला लागतात पण सवय होते. तिथं जेपीईजी निवडा, मेटाडेटा समोर नन करा, कन्व्हर्ट टू एसआरजीबीला (स्क्रीनचे नेहमीचे रंग) टिक ठेवा. उजव्या कोपऱ्यात बारीक मेन्यूचं चिन्ह आहे, त्यात ऑप्टिमाईझ टू फाईल साईज आहे, तिथं ४५ टाकलं की क्वालिटी तो स्वतः जुळवतो. खाली डावीकडे केबीचा आकडा लगेच दिसतो, सेव्ह करून प्रॉपर्टी बघ, परत सेव्ह कर, परत बघ, ही कटकटच नाही. तो मेटाडेटा नन केल्याबरोबर माझी २८० ची फाईल २६ केबी झाली, क्वालिटी ८० ला ठेवून (इथं मोजणी १२ पैकी नाही, १०० पैकी असते). दोन सीझन मी लोकांचे चेहरे कुस्करत होतो आणि दोष त्यांच्या चेहऱ्याचा नव्हताच.

आणि टेम्प्लेट? ती दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका, नवी कोरी बनवा. नवीन फाईल, चार बाय सहा इंच, ३०० पीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल), म्हणजे १८०० बाय १२०० पिक्सेल, त्यात ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो ४१३ बाय ५३१ पिक्सेलचा होतो, आडवे चार उभे दोन आरामात बसतात आणि कापायला जागा पण राहते. पण जुन्यातून लेयर ओढून नव्यात आणू नका, नाहीतर पूर्वज पण वऱ्हाडासारखे मागं मागं येतील.

ज्यांच्याकडे फोटोशॉप नाही त्यांनी उगाच क्रॅक टाकून व्हायरस घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. या कामाला इरफानव्ह्यू पुरतं, घरी वापरायला फुकट आहे, दुकानाला लायसन घ्यावं लागतं, जुन्यातल्या जुन्या पीसीवर पळतं. कंट्रोल आर दाबा, पिक्सेल टाका, रिसॅम्पल निवडा, त्यात लँक्झॉस फिल्टर. सेव्ह करताना बाजूला एक खिडकी येते, तिथं एक्झिफ, आयपीटीसी, एक्सएमपी (हे सगळे मेटाडेटाचेच प्रकार) ठेवा असं म्हणणाऱ्या टिक आहेत त्या काढायच्या, आणि तिथंच फाईल किती केबीची पाहिजे तो आकडा टाकायची सोय आहे. गिम्प वापरत असाल तर स्केल इमेज करून एक्स्पोर्ट अ‍ॅज, तिथंही एक्झिफ, एक्सएमपी, थंबनेल या टिक काढा आणि प्रिव्ह्यूची टिक चालू करा म्हणजे क्वालिटीचा स्लायडर हलवला की साईज समोर दिसते. आणि काहीच नसेल तर मी केलेला पेंटचा जुगाड आहेच, कॉपी-पेस्टमध्ये फक्त पिक्सेल जातात, पोटातलं सामान मागं राहतं.

एक पण आहे. मोबाईलच्या फोटोचा मेटाडेटा काढला की कधीकधी फोटो आडवा पडतो. कारण मोबाईल उभा धरून काढला तरी आत बऱ्याचदा फोटो आडवाच साठवलेला असतो आणि एक्झिफमध्ये फक्त चिठ्ठी असते की दाखवताना फिरवून दाखव. चिठ्ठी फाडली की फोटो मूळ रूपात, म्हणजे झोपलेला. कधी उलट होतं, चिठ्ठी आहे पण पोर्टल ती वाचतच नाही, तुमच्या स्क्रीनवर सरळ आणि फॉर्मात आडवा. पोरं म्हणतात "आमच्याकडे तर सरळ दिसून राहिला". यावर एकच, आधी फोटो एडिटरमध्ये उघडून खरोखर फिरवून घ्या, मग बाकीचं. फोटोशॉप उघडतानाच फिरवून घेतं त्यामुळे तिथं त्रास नाही, मोबाईलवरच्या रिसायझ करणाऱ्या साईटींवर जास्त होतो.

आता रोजचे आजार.

सगळ्यात जास्त दिसणारा म्हणजे चेहरा चपटा. एक पोरगा आला, प्रवेशपत्र हातात, म्हणे "हाऊ मना फोटू शे का?" बघितलं तर गाल भरीताच्या वांग्यासारखे. त्याने ३००० बाय ४००० चा फोटो घेतला, रुंदी-उंची बांधून ठेवणारं साखळीचं चिन्ह तोडलं, किंवा पेंटमध्ये मेन्टेन आस्पेक्ट रेशोची टिक काढली, आणि सरळ २०० बाय २३० टाकलं. आता ३ ला ४ म्हणजे पाऊण, ०.७५, आणि २०० ला २३० म्हणजे ०.८७. चेहरा १६ टक्के रुंद झाला. पासपोर्टचा ३५ बाय ४५ चा फोटो तसाच दाबला तरी १२ टक्के रुंद होतो, त्यामुळे "पासपोर्ट फोटोच आहे ना, मग काय" असं करू नका. आधी क्रॉप, मग रिसाईझ, हा क्रम मोडायचा नाही. क्रॉप टूल घेतल्यावर वरच्या पट्टीत रुंदी २०० पीएक्स, उंची २३० पीएक्स लिहा, मग चौकट त्याच मापात ओढली जाते आणि क्रॉप व रिसाईझ एका दमात होतं. पीएक्स लिहायला विसरू नका, एकदा आमच्या पोऱ्याने नुसतं २०० लिहिलं, तिथं इंच सेट होतं, आणि फोटोशॉप जे गार पडलं ते दुसरा चहा संपेपर्यंत उठलं नाही.

दुसरा, सहीचा. हा उलटा आजार आहे, फाईल मोठी नाही, छोटी पडते. १४० बाय ६० म्हणजे ८,४०० पिक्सेल, न दाबता सुद्धा जेमतेम २५ केबी. त्यात पांढऱ्या कागदावर काळी रेघ, जेपीजीला दाबायला एकदम सोपं, स्वच्छ सही तीन-चार केबीची होते, आणि पोर्टलला पाहिजे कमीत कमी १०. मग लोक काय करतात, घाण फोटो अपलोड करतात, कागदाच्या सावलीसकट, कारण घाण फोटोला केबी जास्त लागतात! आणि परीक्षेच्या दिवशी सही जुळत नाही म्हणून कटकट. त्यापेक्षा जाहिरातीत ते माप प्रीफर्ड म्हणून लिहिलेलं असेल तर त्याच प्रमाणात दुप्पट करा, २८० बाय १२०, मूळ मोठ्या फोटोवरून, १४० ची ओढून नव्हे. क्वालिटी पूर्ण ठेवा, दहाच्या वर जाते. माप कडक असेल तर क्वालिटी १०० करा, आणि तरी दोन-तीन केबी कमी पडत असतील तर कलर प्रोफाईल (रंगांची माहिती) एम्बेड करायची टिक चालू करा, एसआरजीबीचं प्रोफाईल जवळपास ३ केबीचं असतं. हो, वरती ज्या पोटातल्या सामानाला शिव्या दिल्या तेच इथं कामाला येतं. आमच्याकडे म्हणतात ना, वाया गेलेल्या पोळीचा पण कुस्करा होतो.

सही काढताना निळं पेन नको, काळं घ्या. कागदाला रेघा नकोत. दुपारी दारात उजेडात फोटो काढा पण मोबाईलची सावली पडू देऊ नका. मग फोटोशॉपच्या लेव्हल्समध्ये पांढरा बाण आत ओढा, कागद पांढराशुभ्र होतो. रेघ तुटक आली तर समजा की रिसाईझ करताना निअरेस्ट नेबर ही पद्धत लागली होती, ते मधले पिक्सेल सरळ गाळून टाकतं, बारीक रेघ गाळली गेली की सहीतला अर्धा 'पाटील' गायब. बायक्यूबिक शार्पर निवडा, लहान करायला तेच. चेक्सच्या शर्टावर लाटा उमटतात त्यालाही तेच कारण आणि तेच औषध, नाहीतर सरळ सांगा की दादा, फोटोला साधा शर्ट घालून ये.

डीपीआयवर मी आता वाद घालणं सोडलंय पण एकदा सांगतो. "भाऊ, डीपीआय कमी करा म्हणजे केबी कमी होतील." नाही होणार. रिसॅम्पलची (पिक्सेलची संख्या बदलू देणारी) टिक काढून ३०० चं ७२ करा, फाईल तेवढीच राहते, कारण डीपीआय म्हणजे प्रिंटरला दिलेली सूचना की एका इंचात इतके पिक्सेल छाप, पिक्सेल तेच. टिक ठेवून केलंत तर पिक्सेलच कमी होतात म्हणून केबी कमी होतात, श्रेय मात्र डीपीआयला जातं. मग फॉर्मात २०० डीपीआय का लिहितात? ते स्कॅनरसाठी. अंगठ्याचा ठसा २४० बाय २४० पिक्सेल मागतात, २०० डीपीआयला तो १.२ इंच म्हणजे ३ सेंटिमीटर होतो. हाताने लिहिलेलं डिक्लेरेशन ८०० बाय ४००, म्हणजे १० बाय ५ सेंटिमीटर. कागदावर तेवढाच चौकोन आखून त्यात लिहिलं आणि २०० वर स्कॅन केलं की माप आपोआप बसतं. मोबाईलने काढत असाल तर डीपीआय विसरा, पिक्सेल जुळवा.

तरीही "फाईल मोठी" येत असेल आणि तुमच्याकडे ४९ केबी दिसत असेल तर दोन गोष्टी. प्रॉपर्टीमध्ये साईज आणि साईज ऑन डिस्क असे दोन आकडे असतात, दुसरा डिस्कवर अडवलेल्या जागेचा असतो, साधारण ४ केबीच्या पटीत, तो बघू नका. आणि विंडोज १०२४ बाइटचा एक केबी धरतं, काही पोर्टल १००० चा धरतात, त्यामुळे तुमचे ४९ त्यांच्या हिशोबाने ५० च्या वर जातात. काठावर खेळायचंच कशाला, ४५ ला थांबा.

फाईल टाईप चुकीचा म्हणून येत असेल तर बहुतेक वेळा आयफोन. २०१७ च्या आयओएस ११ पासून तो फोटो एचईआयसी नावाच्या वेगळ्याच फॉरमॅटमध्ये काढतो, आणि लोक नाव बदलून पुढं डॉट जेपीजी लावतात. नाव बदललं म्हणून जात बदलत नाही फाईलची. परत तीच नोटपॅडची युक्ती, खऱ्या जेपीजीत अगदी सुरुवातीला जेएफआयएफ किंवा एक्झिफ असं दिसतं, पीएनजी असेल तर पीएनजी असंच लिहिलेलं दिसतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्समध्ये जाऊन मोस्ट कॉम्पॅटिबल करून ठेवा, पुढचे फोटो जेपीजी येतील, जुने उघडून एक्स्पोर्ट करावे लागतील. आणि फ्लेक्सवाल्यांकडून फोटो करून आणला असेल तर तो सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे रंग) असू शकतो, त्यांना प्रिंटची सवय. इमेज, मोड, आरजीबी, आठ बिट. एवढ्यात सुटतं.

फ्लेक्सवरून आठवलं, कारण तिथं उलटी गंगा, फोटो मोठा करायचा असतो. २०२४ च्या फेब्रुवारीत ९७ वं साहित्य संमेलन आपल्या अमळनेरला झालं तेव्हा गावात स्वागताच्या फ्लेक्सना तोटा नव्हता. एक आप्पा आले, दहा बाय आठ फुटी पाहिजे म्हणे, साहित्यिकांचं स्वागत आणि कोपऱ्यात नव्हे तर मधोमध स्वतःचा फोटो. फोटो कुठाय? "व्हॉट्सअ‍ॅपला डीपी शे ना." डीपी जेमतेम ६४० पिक्सेलचा. दहा फुटांवर ताणला तर एक पिक्सेल जवळजवळ पाच मिलिमीटरचा होतो, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा. आप्पा म्हणाले सॉफ्टवेअरमध्ये क्लिअर करा. बायक्यूबिक स्मूदर लावलं, प्रिझर्व्ह डिटेल्स लावलं, कडा गुळगुळीत झाल्या, पण जे डोळ्याचे चार पिक्सेल होते त्यातून पापण्या कुठून आणू? नव्या एआय टूलमधून काढलं तर फोटो झकास आला, फक्त आप्पांच्या मुलाने विचारलं की हे कोण आहेत.

उपाय काय झाला तर त्यांच्या नातीच्या मोबाईलमध्ये मूळ फोटो होता, ४००० बाय ३००० चा, १२ मेगापिक्सेल. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला लावला. रस्त्यावरून बघायच्या फ्लेक्सला इंचाला २५-३० पिक्सेल असले तरी चालतं, दहा फूट म्हणजे १२० इंच, ३६०० पिक्सेल झाले की झालं काम. मोबाईलचा साधा फोटो दहा फुटांना पुरतो, फक्त तो व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोच्या बटनातून आलेला नको. तिथून पाठवला की तो लहानही होतो आणि परत दाबलाही जातो. जेपीजी प्रत्येक सेव्हला आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन करून त्यातला बारीक तपशील गाळत असतं, मग पोरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट काढायचा, तो क्रॉप करायचा, दुसऱ्याला पाठवायचा, त्याने परत रिसाईझ करायचा, तोवर फोटोचा पार चोथा झालेला असतो. नंतर क्वालिटी १२ करून सेव्ह केलं तर चोथ्याची क्वालिटी १२ होते, उसाचा रस परत येत नाही.

म्हणून दुकानात आता पद्धत ठेवलीय. मूळ फोटोला हात लावायचा नाही, त्याची कॉपी करून काम. गिऱ्हाइकाला सांगायचं की डॉक्युमेंट म्हणूनच पाठव नाहीतर केबल लावून दे. फिरवणं, क्रॉप, रिसाईझ, थोडं शार्पन, आणि जेपीजी एकदाच, अगदी शेवटी. मध्ये ठेवायची असेल तर पीएसडी किंवा पीएनजी ठेवायची. केबी जुळला नाही तर त्या जेपीजीवर परत जेपीजी नाही करायची, मागं जाऊन मूळ कॉपीवरून नवी काढायची, दोन मिनिटं जास्त जातात पण चेहरा राहतो.

हे सगळं भिंतीवर कागदावर लिहून चिकटवलंय आणि तरी मागच्या आठवड्यात परत तोच आवाज, फोटू चढी नई ऱ्हायना. फाईल बघतो तर २९० केबी, २०० बाय २३०. नोटपॅडमध्ये उघडली, तीच वंशावळ. पोऱ्याला विचारलं कुठली टेम्प्लेट उघडली रे? जुनी. मी ती आठवण म्हणून डी ड्राइव्हला ठेवली होती, नावच 'उघडू नका' असं दिलं होतं. म्हणे, काका, नाव वाचलं म्हणूनच उघडली. आता डिलीट केलीय, रिसायकल बिनमधून पण.